वकिलीच्या वाटेवरील आमचीं मुलें

उन्हाळ्याच्या अखेरीस पदवी-परीक्षांचे निकाल लागले, कीं वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या गांवांतील पुष्कळ घरांच्या माजघरांत एकच विषय निघतो : आतां पुढें काय? डॉक्टरी व इंजिनियरी यांच्या वाटा बारावीच्या वेळींच ठरून गेलेल्या असतात. राहिलेल्यांपैकीं कोणी मुलगा किंवा मुलगी वकिलीला जाण्याचा मनोदय बोलून दाखविते, तेव्हां आजोबा संतोष पावतात, वडील मनांतल्या मनांत हिशेब मांडूं लागतात आणि आई विचारते, "पण मिळकत केव्हां सुरू व्हायची?" या तिन्ही वृत्ती आम्हांस रास्त वाटतात. त्यांचा मेळ कसा घालावा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आजोबांच्या संतोषास इतिहासाचा आधार आहे. वऱ्हाडांत वकिलीस जी प्रतिष्ठा होती, ती केवळ पैशाची नव्हती. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे वकील. ते १९१२ सालीं बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. गणेश श्रीकृष्ण खापर्डे १८८४ सालीं कायद्याचे पदवीधर झाले आणि १८९७ सालीं अमरावतीस काँग्रेस भरली, तेव्हां स्वागताध्यक्षपद त्यांजकडे होतें. आमच्या वाशीमचा तर वकिलीशीं आणखी एक जुना धागा आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथें सांपडलेला विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला, आणि तो वाचून प्रसिद्ध करणाऱ्यांत यवतमाळचे वकील य. खु. देशपांडे हे होते. हा पट म्हणजे एक गांव दान दिल्याचा दस्तऐवजच. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, परंतु दानाचा व त्यासोबतच्या सवलतींचा मुख्य मजकूर प्राकृतांत आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकास ही गोष्ट ठाऊक होती, कीं मानाची भाषा कोणतीही असो, हक्काची भाषा लोकांस समजेल अशी असावी लागते. आज वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे इंग्रजींत वाचून पक्षकारास ते वऱ्हाडी बोलींत उलगडून सांगणारा वकील तेंच काम करीत असतो.

वडिलांच्या हिशेबासही आधार आहे. न्यायाची वाट किती लांब असते, हें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. मालेगांव तालुक्यांतील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही जैन पंथांस सारखेंच पूज्य आहे. १९०५ सालीं दोन्ही पक्षांनीं पूजेचें वेळापत्रक ठरविलें. पुढें मतभेद होऊन १९१० सालीं अकोल्याच्या न्यायालयांत दावा गेला. तेथील निकाल १९१८ सालीं लागला, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाचा १९२३ सालीं, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा १९२९ च्या जुलैंत. एवढ्यानेंही वाद मिटला नाहीं. पुढें सुमारें चार दशकें मूर्तीचें दर्शन बंद राहून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्यें दारें उघडलीं. यांत कोणता पक्ष खरा, हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु शिरपूरच्या देवळांतील प्रश्न लंडनच्या न्यायासनापर्यंत नेतां येतो, आणि त्यास एक पिढी पुरत नाहीं, या दोन्ही गोष्टी वकिलीस निघालेल्या मुलानें प्रारंभींच ध्यानांत घ्याव्यात.

आतां शिक्षणाची वाट. पूर्वी वऱ्हाडच्या विद्यार्थ्यास कायद्यासाठीं मुंबई गांठावी लागे. तेथील सरकारी लॉ स्कूल १८५५ सालचें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ निघालें व त्याच्या लॉ कॉलेजामुळें प्रवास अर्ध्यावर आला. १९२४ पासून पुण्याचीही सोय झाली. आज वाशीम जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रांत असून अकोला व अमरावती येथें कायद्याचीं महाविद्यालयें आहेत. दारें दोन : बारावीनंतर पांच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. दोहोंसही राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची परीक्षा निराळी, स्पर्धा मोठी आणि खर्चही मोठा. तेथून पुढें पुष्कळजण कंपन्यांच्या व मोठ्या शहरांतील फर्मांच्या नोकरींत जातात. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र मुलास कोर्टांत उभें राहावयाचें आहे कीं कचेरींत बसून करारनामे लिहावयाचे आहेत, हें प्रवेशाच्या आधीं त्याच्याशीं बोलून घ्यावें. फी भरून झाल्यावर नव्हे.

पदवी म्हणजे सनद नव्हे, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. पदवीनंतर राज्याच्या वकील परिषदेंत नांव नोंदवावें लागतें व अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीची फी निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जाऊन पोंचली होती. ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं कायद्यानें ठरविलेली ७५० रुपये, व अनुसूचित जाती-जमातींसाठीं १२५ रुपये, याहून अधिक नोंदणी फी परिषदांस घेतां येणार नाहीं. ज्या घरांत एका वर्षाचें सोयाबीन हातचें गेलें तर दोन वर्षांची घडी विसकटते, त्या घरांस या निवाड्याचें मोल निराळें सांगावयास नको.

खरी कसोटी यानंतरची. नवा वकील एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखालीं बसतो. सकाळीं कार्यालयांत फाइली लावणें, तारखा वहींत उतरविणें, नकलांसाठीं अर्ज देणें, वकीलपत्रावर पक्षकाराची सही घेणें, पुकारा होईतों कोर्टाच्या व्हरांड्यांत थांबणें आणि वरिष्ठ दुसऱ्या कोर्टांत अडकले असल्यास उभें राहून मुदत मागणें — पहिलीं वर्षें अशींच जातात. या काळांत हातीं पडतें तें बहुधा प्रवासखर्चापुरतें असतें. २०२४ च्या ऑक्टोबरांत भारतीय वकील परिषदेनें कनिष्ठांस शहरांत निदान २०,००० व ग्रामीण भागांत निदान १५,००० रुपये दरमहा द्यावेत, अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. लहान गांवच्या वरिष्ठाची स्वतःची मिळकतही बेताची असते, हें विसरून त्यास दोष देणें योग्य होणार नाहीं.

तरी या वर्षांत जें शिकावयास मिळतें, तें पुस्तकांत नाहीं. बांधाचा वाद, सात-बारावरील चुकीचा फेरफार, वाटणीपत्रांत राहून गेलेली विहीर, ही आमच्या जिल्ह्याची नित्याची कामें. समृद्धी महामार्ग मालेगांव, मंगरुळपीर व कारंजा या तालुक्यांतून गेला. ज्या घरांच्या जमिनी त्यांत गेल्या, तेथें मोबदल्याबरोबर भावाभावांचे जुने हिशेबही वर आले. अशा वेळीं दोन्ही भावांस एका ओसरीवर बसवून तडजोड घडविणारा वकील गांवांत असणें, ही मोठी पुण्याई होय. शिवाय १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचें कलम ३०२ होतें तें १०३ झालें. फसवणुकीचें ४२० लोकांच्या तोंडीं म्हण होऊन बसलें होतें, तें ३१८ झालें. तीस वर्षें मुरलेल्या वकिलासही नवें पाठ करावें लागलें. कनिष्ठास आपल्या वरिष्ठाच्या बरोबरीनें अभ्यास करण्याची अशी संधि क्वचितच मिळते.

पुष्कळ मुलांचा डोळा न्यायाधीशपदावर असतो. पूर्वी त्या परीक्षेस तीन वर्षांच्या वकिलीची अट होती. २००२ सालीं ती गेली आणि ताजे पदवीधर थेट परीक्षेस बसूं लागले. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती अट पुन्हां घातली. पुण्यास वर्ग लावून घरचे पैसे खर्चीत बसलेल्या मुलामुलींस हा निर्णय कडू वाटला. त्यांची व्यथा खोटी नव्हे. परंतु ज्यानें पक्षकाराचा उतरलेला चेहरा जवळून पाहिला नाहीं, त्यानें तारीख देण्याचा अधिकार एकदम हातीं घेऊं नये, हा त्यामागील विचार आम्हांस पटतो. नियमांत पुढें होणारे फेरबदल ज्यानें त्यानें जाहिरात पाहून तपासावेत. ज्या पीठानें हा निर्णय दिला, त्याचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई हे अमरावतीचे. नगरपालिकेच्या शाळेंत त्यांचें शिक्षण सुरू झालें, अमरावतीसच ते कायदा शिकले, आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळांत देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसले. त्या पदावरील ते पहिले बौद्ध. वकिलीची प्रतिष्ठा एके काळीं आमच्यासारख्या थोड्या घरांपुरती होती. आतां ती तशी राहिली नाहीं, हें ऐकून आमच्या घरांनीं खिन्न होऊं नये. न्यायमंदिराचें दार जितकें रुंद, तितकी त्याची पत अधिक.

प्राध्यापकांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं वकिली केली, मुंबईच्या लॉ कॉलेजांत शिकविलें आणि १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहिला. १९६३ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. डॉ. आंबेडकर १९३५ सालीं त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. अध्यापन ही वकिलींत अपयश आल्यावरची सोय नव्हे, हें या दोन नांवांवरून दिसून येईल. परंतु आज एल्एल्. एम्. होऊन पात्रता-परीक्षाही दिलेले कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर, तासागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर वर्षानुवर्षें शिकवीत आहेत. शिक्षकाच्या चुलीची काळजी न घेणाऱ्या समाजानें उत्तम वकिलांची अपेक्षा धरूं नये.

शेवटीं मुलींची गोष्ट. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातीं पडण्यास १९२२ साल उजाडलें. हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीची मोकळीक १९२३ च्या कायद्यानें मिळाली. आज कायद्याच्या वर्गांत मुली पुढच्या बाकांवर असतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं अशाच एका मुलीस, तिची सनद आली त्याच वर्षीं, काकांनीं हक्कसोडपत्राचा कागद पुढें केला. बहिणींनीं सही करून द्यावयाची ही घरची रीतच होती. तिनें तो वाचला आणि शांतपणें म्हणाली, "काका, २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मानेंच सहदायाद झाली आहे, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें स्पष्ट केलें आहे. मी हक्क सोडीन कीं नाहीं हें मागाहून ठरवूं. पण आत्याबाईंनीं सही केली, तेव्हां त्यांस कोणी हें सांगितलें होतें का?" ओसरीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आजोबा म्हणाले, "तुला शिकविलें तें याचसाठीं. कागद ठेव बाजूला." पुढें वाटणी झाली ती सर्वांस विचारून झाली, आणि आत्याबाईंचें माहेरपण तुटलें नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. ज्या घरास मुलाला किंवा मुलीला सनदेनंतर निदान तीन वर्षें मिळकतीचा तगादा न लावतां सांभाळणें शक्य आहे, त्यानें तें वचन आधींच द्यावें. ज्यास शक्य नाहीं, त्यानें तेंही आधींच मोकळेपणें सांगावें. आईच्या प्रश्नाचें उत्तर लपवून पाठविलेलें मूल वाटेंत मोडतें. तें ऐकून निघालेलें मूल टिकतें. आणि तें शिकून परत आलें, कीं त्याच्या ज्ञानाची पहिली परीक्षा कोर्टांत होत नसून आपल्याच ओसरीवर होते, याचीही घरांतील वडीलधाऱ्यांनीं तयारी ठेवावी.