घसरती गाडी ताब्यात कशी राहते?

पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर सायकली घेऊन येणारी मुले एक खेळ हमखास करतात. वेगात यायचे, हँडल किंचित वळवायचे आणि मागचा ब्रेक करकचून दाबायचा. मागचे चाक चिखलात सर्रकन बाजूला जाते आणि सायकल अर्धगोल काढून थांबते. नववीच्या वर्गात घर्षणाचा पाठ चालू असताना एका मुलाने याच खेळाचा विषय काढला. वर तो म्हणाला, "माझ्या मामेभावाकडे रिमोटची गाडी आहे. ती तर न थांबता घसरत घसरत गोल फिरते. ते कसं?"

आम्ही सांगून टाकले, "तिच्या चाकांना घर्षण मिळत नाही, म्हणून घसरते." त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, घर्षण मिळत नाही, तर ती वळते कशी? सरळ जायला हवी ना?"

प्रश्न बिनतोड होता. वर्तुळात फिरायचे तर केंद्राकडे ओढणारे बल हवेच, आणि सपाट फरशीवर ते घर्षणाखेरीज दुसरे कोण देणार? आमचे उत्तर चुकले होते. ते दुरुस्त करायचे म्हणून आम्ही अशी एक गाडी घ्यायचे ठरवले. ती निवडताना लक्षात आले, की तिचा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे एकेक उत्तर आहे.

ड्रिफ्ट म्हणजे काय?

मागची चाके मुद्दाम घसरवत, गाडीचे नाक वळणाच्या आत आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला ठेवून वळण पार करायचे, याला ड्रिफ्ट म्हणतात. ही कला नावारूपाला आली जपानमध्ये. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू अशी वळणे घेत. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या केइची त्सुचिया यांनी डोंगरातल्या नागमोडी रस्त्यांवर हे तंत्र घोटवले. पुढे ते 'ड्रिफ्ट किंग' या नावानेच ओळखले जाऊ लागले. २०००-०१ च्या सुमारास तेथे डी-वन ग्रां प्री ही ड्रिफ्टची स्पर्धा सुरू झाली. पहिला कोण आला हे पाहण्याऐवजी घसरण्याचा कोन, वेग आणि मार्गातली अचूकता यांना गुण देणे, हे या प्रकारच्या स्पर्धांचे वैशिष्ट्य. जपानी मॉडेल कंपन्यांनी लवकरच याच्या एक दशांश आकाराच्या गाड्या बाजारात आणल्या.

बुचाची युक्ती

प्रयोगशाळेत रबरी बुचात अडकलेली काचनळी आपण कशी काढतो? सरळ ओढली तर ती निघत नाही. गोल फिरवत ओढली की सहज सरकते. फिरवल्याने घर्षण नाहीसे झाले का? नाही. घसरणाऱ्या पृष्ठभागावरचे घर्षण नेहमी घसरण्याच्या दिशेच्या बरोबर उलट असते. नळी गोल फिरत असताना बहुतेक सर्व घर्षण त्या फिरण्याला विरोध करण्यात गुंततो, आणि ओढण्याच्या दिशेला विरोध करायला त्यातला थोडासाच वाटा उरतो.

वर्गात हे लगेच दाखवता येते. टेबलावर जाड पुस्तक ठेवा आणि बोटाने बाजूला हलकेच ढकला. ते हलणार नाही. आता दोऱ्याने तेच पुस्तक सावकाश पुढे ओढत राहा आणि तितक्याच हलक्या बोटाने बाजूला रेटा. पुस्तक तिरके सरकू लागते.

ड्रिफ्ट गाडीची मागची चाके हेच करतात. गाडीच्या वेगाला लागतात त्यापेक्षा ती कितीतरी जास्त फिरत असतात. समजा, फरशीला टेकलेला टायरचा भाग सेकंदाला ४ मीटर मागे आणि ३ मीटर बाजूला घसरतो आहे. पायथागोरसच्या नियमाने एकूण घसरण्याचा वेग ५ मीटर. मग घर्षणाचा ४/५ भाग गाडीला नाकाच्या दिशेने ढकलतो आणि ३/५ भाग तिला बाजूला घसरण्यापासून अडवतो. (हे दोन भाग काटकोनातले आहेत, त्यामुळे त्यांची साधी बेरीज एक होत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.) मोटरचा वेग वाढवला की आडवा वाटा घटतो आणि गाडीचा मागचा भाग आणखी बाहेर जातो. वेग कमी केला की आडवा वाटा वाढतो आणि मागचा भाग आत येतो. घसरणे ताब्यात ठेवायचे मुख्य साधन हे आहे.

आणि मुलीच्या प्रश्नाचे उत्तर? गाडीचे नाक वळणाच्या आत आहे. म्हणजे चाकांना पुढे ढकलणाऱ्या बलाचाही एक भाग केंद्राकडेच असतो. त्यात चाकांचे आडवे घर्षण मिळते आणि गाडी वळते. घर्षण संपलेले नसून त्याची दिशा बदललेली आहे.

टायर: कमी घर्षण, पण भरवशाचे

शर्यतीच्या गाडीला पकड घट्ट हवी असते. आपल्याला मात्र कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे टायर हवेत. कारण सोप्या गणिताने कळते. सपाट जमिनीवर r त्रिज्येच्या वर्तुळात गाडीचा वेग फार तर √(μgr) इतका असू शकतो. यात μ हा घर्षणाचा गुणांक. वर्गखोलीत बसेल असे २ मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेऊ आणि g चे मूल्य १० धरू. रबरी टायरसाठी μ = ०.९ मानला तर ही मर्यादा सेकंदाला ४.२ मीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर येते. प्लॅस्टिकच्या टायरसाठी μ = ०.२५ मानला तर २.२ मीटर, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. इतक्या वेगात गाडी नजरेत राहते, भिंतीवर आदळत नाही आणि चाके घसरवायला मोटरलाही फार जोर लागत नाही.

μ मोजायला गाडीच पुरते. लांब फळीवर गाडी आडवी ठेवा, म्हणजे चाके गडगडणार नाहीत. फळीचे एक टोक सावकाश उचला. गाडी सरकू लागेल त्या क्षणी त्या टोकाची उंची आणि पायाची लांबी मोजा. उंचीला पायाने भागले की μ मिळतो. हा स्थितिक घर्षणाचा गुणांक. गतिक गुणांक बहुधा त्याहून थोडा कमी असतो. हा फरक जितका कमी, तितकी गाडी शहाण्यासारखी वागते. फरक मोठा असला की पकड अचानक सुटते आणि अचानक बसते.

तयार प्लॅस्टिकचे टायर मिळाले नाहीत तरी अडत नाही. हौशी मंडळींनी सुरुवातीला प्लॅस्टिकच्या पाइपाच्या कड्या कापून रबरी टायरवर चढवल्या होत्या. टायरवर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइप मापून घ्यावा, टायरच्या रुंदीच्या चार कड्या कापाव्यात आणि कडा काचकागदाने घासाव्यात. चारही कड्या एकाच पाइपाच्या हव्यात. जमीन बदलली की वागणूक बदलते. शहाबादी फरशी, कोबा, डांबर यांवर निरनिराळी मापे घेऊन मुलांना तक्ता करायला सांगावे. धूळ मात्र पुसून घ्यावी.

दोन चाकांची की चार चाकांची?

टॅमिया कंपनीची टीटी-०२डी ही गाडी चारही चाकांनी चालते. योकोमो कंपनीची वायडी-२ फक्त मागच्या चाकांनी. निवड या दोन प्रकारांतून करायची असते.

चारही चाके फिरत असली की पुढची चाके गाडीला ज्या दिशेला वळली आहेत तिकडे ओढतात. त्यामुळे गाडी सावरणे सोपे जाते. शाळेने सुरुवात इथून करावी. काही हौशी दात्यांची चक्रे बदलून मागची चाके पुढच्यांच्या दीडपट किंवा त्याहून वेगाने फिरवतात, म्हणजे मागचा भाग अधिक बाहेर जातो. फक्त मागची चाके फिरणारी गाडी खऱ्या ड्रिफ्ट गाडीसारखी वागते, पण ती गिरकी घेऊन उलटी तोंड करायला क्षणाचाही वेळ लावत नाही.

दोन्ही प्रकारांत मागचे डिफरन्शियल पक्के बांधलेले असावे. एरवी ते दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, आतले हलके झालेले चाक नुसते गरगरते आणि बाहेरच्याला जोर मिळत नाही. आपल्याला दोन्ही चाके एकत्र घसरायला हवी आहेत.

सुकाणू आणि वेळेचे गणित

एक दशांश लांबीचा लंबक मोठ्या लंबकापेक्षा √१०, म्हणजे सुमारे ३.२ पट भराभर झुलतो. गाडीचेही तसेच आहे. मोठी गाडी गिरकी घ्यायला एक सेकंद लावत असेल, तर तितक्याच घर्षणावर ही गाडी एक तृतीयांश सेकंदात फिरते. येथे कमी घर्षण पुन्हा मदतीला येते. μ एक चतुर्थांश केला की सगळ्या हालचालींना दुप्पट वेळ मिळतो. प्लॅस्टिकचे टायर चालवणाऱ्याला खरे तर वेळ मिळवून देतात.

तरीही पुढची चाके वळवणारी सर्व्हो मोटर चपळ लागते. साध्या सर्व्होला ६० अंश फिरायला ०.१६ ते ०.२० सेकंद लागतात. ड्रिफ्टसाठी ०.१० सेकंदाच्या आतली बरी.

मोठ्या गाडीच्या पुढच्या चाकांची वळण्याची आस किंचित मागे कललेली असते. त्यामुळे गाडी घसरू लागली, की ट्रॉलीच्या फिरत्या चाकाप्रमाणे ती चाके आपोआप प्रवासाच्या दिशेला वळतात. चालक हातातले चाक थोडे सैल सोडतो. मॉडेलमध्ये सर्व्हो चाकांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ही सोय राहत नाही. म्हणून मागच्या चाकांच्या गाडीत जायरो बसवतात. गाडी उभ्या आसाभोवती किती वेगाने फिरते आहे हे तो मोजतो आणि सर्व्होला उलट दिशेचा इशारा देतो. त्याची संवेदनशीलता फार वाढवली तर चाके डावी-उजवी थरथरू लागतात. प्रतिसादावर चालणारी कोणतीही यंत्रणा अतिउत्साही झाली की अशीच डळमळते. शिवाय पुढची चाके या गाडीत ६० अंशांच्या आसपास किंवा अधिक वळावी लागतात. नेहमीच्या गाडीत त्याच्या निम्म्याने भागते.

बाकीची सामग्री

दुकानात पहिली परीक्षा रिमोटची घ्यावी. स्टिअरिंगचे चक्र सावकाश फिरवले तर चाके सावकाश वळतात का? खेळण्यातल्या अनेक गाड्यांना 'पूर्ण डावे, सरळ, पूर्ण उजवे' एवढेच कळते. मोटरही एक तर बंद, नाही तर पूर्ण चालू. वर पाहिलेला घर्षणाचा वाटा कमी-जास्त करायचा तर अशी गाडी निरुपयोगी. चाकाची षटकोनी बैठक १२ मिलिमीटरची असेल तर टायर-चाके बदलणे सोपे जाते.

मोटर साधी ५४० मापाची, ब्रशवाली पुरे. वेढे कमी असलेली मोटर अधिक वेगात फिरते, पण आपल्याला वेगापेक्षा अलगद नियंत्रण हवे. मागच्या चाकांच्या गाडीत बॅटरी शक्यतो मागे ठेवतात, कारण त्या चाकांवरचा भार वाढला की घर्षणही वाढते.

बॅटरीबाबत आमचे मत स्पष्ट आहे. शाळेत ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरीच वापरावी. ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर हलकी व जोरकस असते, पण तिचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर चढवणे किंवा ३ व्होल्टच्या खाली उतरवणे धोक्याचे. ती फुगली वा टोचली गेली तर पेटू शकते. वापरायचीच तर तिच्यासाठीचा समतोल राखणारा चार्जर हवा, आणि चार्जिंग चालू असताना शिक्षक शेजारी हवेत.

मैदानावर जाण्यापूर्वी

फरशीवर मधोमध एक डबा ठेवावा आणि त्याभोवती एकाच दिशेने वर्तुळ साधावे. मग उलट दिशेने. मग दोन डबे ठेवून आठचा आकडा. पुढची चाके कोठे वळली आहेत, नाक कोठे आहे आणि गाडी प्रत्यक्ष कोठे चालली आहे, हे तीन बाण मुलांनी खडूने काढले, की बलांची आकृती फळ्यावर आपोआप उभी राहते.

एक गणित मात्र शेवटी जरूर करवून घ्यावे. दीड किलोची ही गाडी सेकंदाला २.२ मीटर वेगाने जाताना तिची गतिज ऊर्जा पावणेचार ज्यूलच्या आत असते. १२०० किलोची मोटार ताशी ६० किलोमीटरने जाताना ती सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल असते, म्हणजे ४४ हजार पटींहून अधिक. घर्षणाचे नियम दोन्हींना सारखेच लागू आहेत, पण चुकीची किंमत सारखी नाही. हा खेळ फरशीवर खेळायचा, रस्त्यावर नाही, हे उपदेश करून पटत नाही. मुलांनी स्वतः भागाकार केला की पटते.

आमच्या वर्गात तो भागाकार फळ्यावर झाला, तेव्हा खडू त्याच मुलीच्या हातात होता.