कादंबरीतले घराणे, कागदावरचे घराणे

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ मैदानांवर एकोणिसाव्या शतकात जाऊन वसलेली शेतकरी कुटुंबे लाखांच्या घरात होती. त्यांतील बहुतेकांची नावे आज वंशजांखेरीज कोणालाही ठाऊक नाहीत. चार्ल्स आणि कॅरोलिन इंगल्स यांचे कुटुंब मात्र जगभर पोहोचले. त्यांची दुसरी कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर हिने वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ मध्ये, आपल्या बालपणावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे 'लिटल हाउस' ही मालिकाच उभी राहिली. पुढील पिढ्यांनी या कादंबऱ्या जवळजवळ इतिहास म्हणूनच वाचल्या. साहजिकच या घराण्याची वंशावळ शोधणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. सगळ्यांना सगळे आधीच ठाऊक असते आणि त्यातले बरेचसे कागदाशी जुळत नाही.

आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्पिढ्यांची नावे सापडतात. मैदानांवरील वसाहतकऱ्यांना अशी सोय नव्हती. दर पाच-सात वर्षांनी गाडी जुंपून पुढे सरकणाऱ्या माणसांची नोंद कोण्या एका गावी राहणार तरी कशी? त्यांचा माग काढायचा तो मुख्यतः दोन साधनांनी: दर दहा वर्षांनी होणारी जनगणना आणि जमिनीचे दप्तर.

जनगणनेत घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव नोंदवण्याची पद्धत १८५० पासून सुरू झाली. त्यापूर्वी केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे, इतरांची नुसती संख्या. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून लिहिले जाऊ लागले. मात्र मैदानांवरील वसाहतीच्या ऐन भराची साक्ष देणारी १८९० ची जनगणना जवळजवळ संपूर्ण गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि पाण्यात तिचे कागद खराब झाले व उरलेले पुढे नष्ट करण्यात आले. १८८० आणि १९०० यांच्यामधील ही वीस वर्षांची पोकळी भरून काढण्यासाठी संशोधकांना अन्य दप्तरांकडे वळावे लागते. डाकोटा आणि नेब्रास्का येथे १८८५ मध्ये झालेल्या गणनेचा त्या कामी मोठा उपयोग होतो.

जमिनीचे दप्तर त्याहून बोलके. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्यान्वये एकवीस वर्षांवरील व्यक्तीला वा कुटुंबप्रमुखाला सरकारी जमिनीतील १६० एकरांवर दावा सांगता येत असे. पाच वर्षे तेथे राहून, घर बांधून व जमीन कसून दाखवली की मालकीदाखला मिळे. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही असा दावा करू शकत. या कायद्याखाली सुमारे १६ लाख दाखले दिले गेले आणि २७ कोटी एकर जमीन खासगी मालकीत गेली. दाखला हा एका पानाचा कागद, त्यात वंशावळीच्या दृष्टीने विशेष काही नसते. खरा ऐवज आहे तो त्यामागच्या फाइलीत. अर्जदार केव्हा राहायला आला, घर केवढे, किती एकर नांगरले, कुटुंबात माणसे किती, याचा जबाब तेथे असतो. परदेशातून आलेल्याचे नागरिकत्वाचे कागद असतात, वर्तमानपत्रात दिलेली नोटीस असते आणि मुख्य म्हणजे साक्षीदारांची नावे असतात. हे साक्षीदार बहुधा शेजारी असत, आणि शेजारी पुष्कळदा नातलगच निघत.

नातलगांचा हा धागा इंगल्स घराण्यात तर फारच घट्ट आहे. चार्ल्सचा जन्म १८३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला, कॅरोलिन क्वाइनरचा १८३९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. या दोघांखेरीज चार्ल्सचा भाऊ पीटर याने कॅरोलिनची बहीण एलायझा हिच्याशी, तर चार्ल्सची बहीण पॉली हिने कॅरोलिनचा भाऊ हेन्री याच्याशी लग्न केले. दोन घरांत तीन सोयरिकी! आपल्याकडच्या साट्यालोट्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. पण त्यामागे रूढीपेक्षा विरळ वस्तीचे कारण अधिक असावे. जंगलात शेजारी दोनच घरे असली की स्थळेही तेवढीच. चार्ल्सचे मूळ मागे नेत गेल्यास १६२९ च्या सुमारास इंग्लंडमधील लिंकनशायरहून मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे आलेल्या एडमंड इंगल्सपर्यंत पोहोचता येते. पूर्वेकडील गावांनी जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी जपल्या, म्हणून सतराव्या शतकातील पूर्वज सापडणे सोपे आणि १८७० मधील नातू कोठे होता हे शोधणे कठीण, असा विचित्र अनुभव या मैदानी घराण्यांच्या बाबतीत वारंवार येतो.

चार्ल्सचेच पाहावे. मालिकेत लॉरा प्रथम विस्कॉन्सिनच्या रानात राहते, तेथे पाच वर्षांची होते आणि मग धाकट्या कॅरीला घेऊन कुटुंब कॅन्ससच्या माळावर जाते. कागद निराळे सांगतात. ऑगस्ट १८७० मध्ये कॅन्ससच्या माँटगोमेरी परगण्यात गणना झाली तेव्हा हे कुटुंब तेथेच होते आणि लॉरा जेमतेम तीन वर्षांची होती. कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७० चा, आणि कुटुंबाच्या बायबलमधील नोंदीनुसार तो त्याच परगण्यात झाला. म्हणजे ती कॅन्ससला गेली नाही, तेथे जन्मली. लॉराने आपले घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर असल्याचे लिहिले. पुस्तक लिहिताना कन्या रोझसह ती ते शोधायला ओक्लाहोमापर्यंत जाऊन आली. पण जागा सापडली नाही. ती तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, गणनेतील शेजाऱ्यांचा क्रम आणि जमिनीचे व्यवहार एकमेकांशी पडताळून निश्चित करण्यात आली. इंडिपेन्डन्सपासून तेरा मैलांवर!

या जागेचा चार्ल्सच्या नावे कोणताही मालकीदाखला मात्र मिळत नाही, आणि मिळणारही नाही. ती जमीन होमस्टेड कायद्याखाली येतच नव्हती. ती ओसेज लोकांची राखीव भूमी होती. त्यांची संमती न घेता शेकडो गोरी कुटुंबे तेथे घुसली होती. जुलै १८७० च्या कायद्यान्वये ओसेजांना ती विकून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. इंगल्स कुटुंब १८७१ मध्ये परतले. कादंबरीत सैनिक हुसकावून लावणार या बातमीमुळे ते निघते. विस्कॉन्सिनमधील शेताच्या खरेदीदाराला उरलेले पैसे देता आले नाहीत व शेत परत घ्यावे लागले, हे अधिक साधे कारण व्यवहाराच्या कागदांत दिसते. वंशावळ लिहिणारे 'आद्य वसाहतकार' हा शब्द अभिमानाने योजतात. पण त्याच भूमीवर ज्यांची घराणी आधी नांदत होती, त्यांचीही वंशावळ आहे. १९०६ च्या कायद्यानुसार ओसेजांची जी यादी झाली तिच्यात २,२२९ नावे आहेत आणि तेलाच्या उत्पन्नातील वाटा आजही त्या यादीवरून, वारसाहक्काने ठरतो. तेथे पूर्वजांचा शोध ही हौस नाही, हक्काची बाब आहे. लॉराच्या १९३५ च्या पुस्तकातील, त्या प्रदेशात माणसेच नव्हती असे सुचवणारे वाक्य प्रकाशकांनी १९५३ मध्ये बदलले. अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या पुरस्काराला दिलेले तिचे नावही काढून घेतले.

कादंबरीने वगळलेले आणखीही काही कागदांतून वर येते. चार्ल्स-कॅरोलिनला एक मुलगाही होता. चार्ल्स फ्रेडरिक त्याचे नाव. नोव्हेंबर १८७५ मध्ये मिनेसोटात जन्मला आणि ऑगस्ट १८७६ मध्ये गेला. टोळधाडीने पीक बुडाल्यावर हे कुटुंब आयोवातील बर ओक गावी निघाले होते, वाटेत हे बाळ दगावले. त्याचे थडगे आजवर सापडलेले नाही. बर ओकला कुटुंबाने एका हॉटेलात काम केले आणि तेथेच १८७७ मध्ये धाकटी ग्रेस जन्मली. हा सारा कालखंड मालिकेत नाही. लॉराने आधी लिहिलेल्या आत्मकथनात मात्र आहे. 'पायोनियर गर्ल' नावाचे ते हस्तलिखित सविस्तर टिपांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर या घराण्याविषयी लिहिणाऱ्यांचे काम बरेच सोपे झाले.

अखेरचा मुक्काम डाकोटातला. फेब्रुवारी १८८० मध्ये चार्ल्सने ब्रुकिंग्जच्या जमीन कचेरीत १६० एकरांचा दावा नोंदवला. पहिल्या, दारुण हिवाळ्यानंतरही तो टिकून राहिला आणि १८८६ मध्ये त्याने अंतिम पुरावा सादर केला. पन्नाशीला आलेल्या या माणसाच्या नावावर सरकारकडून फुकट मिळालेली जमीन चढली खरी, पण पुढल्याच वर्षी त्याने द स्मेट गावात घर बांधून तेथे बिऱ्हाड हलवले. सुतारकाम आणि लहानसहान नोकऱ्या यांवर १९०२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्याने दिवस काढले. होमस्टेडवर दावा करणाऱ्या पुष्कळांना तर पाच वर्षेही पुरी करता आली नव्हती.

वंशवृक्षाच्या खालच्या फांद्या काढताना हात थबकतो. थोरली मेरी १८७९ मध्ये अंध झाली; तिने लग्न केले नाही. कॅरी आणि ग्रेस यांना अपत्य नव्हते. लॉराचा मुलगा १८८९ मध्ये, नाव ठेवण्यापूर्वीच दगावला. उरली एकुलती रोझ वाइल्डर लेन. तिचेही मूल जगले नाही, आणि १९६८ मध्ये तिच्याबरोबर चार्ल्स व कॅरोलिन यांचा थेट वंश संपला. आज इंगल्स आडनावाने स्वतःला या घराण्याशी जोडू पाहणाऱ्यांना पीटर, पॉली आणि त्यांच्या भावंडांच्या फांद्यांवरच आपले नाव शोधावे लागते.