मंगळवारच्या बाई

मिरवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गणपती, नाहीतर पालखी उभी राहते. अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावाला विचारले, तर ते सांगेल, मिरवणूक नाताळाची! डिसेंबर लागला की तिथे गावोगावी एका शनिवारी हमरस्ता बंद होतो, आणि सारा गाव घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटे आणि कॉफीचे थर्मास घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन बसतो. २०२३ साली मी ओहायो राज्यात लेकीकडे गेले होते, तेव्हा अशी एक मिरवणूक पाहण्याचा योग आला. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचे. त्याचे नाव मी सांगत नाही; कारण पुढे ज्या बाईंची हकीकत यायची आहे, त्यांना आपले नाव छापून आलेले मुळीच खपत नाही.

मोठ्या शहरांतल्या मिरवणुका सुरू केल्या त्या व्यापाऱ्यांनी, हे आधी सांगून टाकलेले बरे. कॅनडात टोरांटोला ईटन नावाच्या दुकानाने १९०५ साली सांताक्लॉजला वाजतगाजत आणले. न्यूयॉर्कला मेसी या दुकानाने १९२४ साली तोच कित्ता गिरवला, आणि १९२८ साली हॉलिवूडचे दुकानदारही मागे राहिले नाहीत. हिशेब सरळ आहे. मुले सांता बघायला येणार, मुलांमागे आईबाप, आणि आईबापांबरोबर पाकीट! १९४६ साली हॉलिवूडच्या मिरवणुकीत जीन ऑट्री हा गाणारा काउबॉय घोड्यावर बसून पुढे चालला होता. मुले ओरडत होती ती त्याच्या नावाने नव्हे, मागून येणाऱ्या सांताच्या नावाने. त्या ओरडण्यावरून त्याला गाणे सुचले आणि ते खूप गाजले. मान दुसऱ्याला मिळाला तरी पदरात काही पाडून घेता येते, ते असे.

लहान गावच्या मिरवणुकीत मात्र निम्मा गाव चालतो आणि निम्मा गाव बघतो, आणि दोन्ही निम्मे एकमेकांना नावाने हाका मारतात. आगीचे बंब सर्वांच्या पुढे. ते चालवणारे जवानही बिनपगारी, म्हणजे एरवी कोणी सुतार, कोणी मास्तर. ही प्रथा तिकडे फार जुनी. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशी मंडळी उभी केली होती. बंबांमागून शाळेचा बँड आला. थंडी अशी की पोरांचे ओठ पितळेला चिकटतात की काय, अशी मला भीती! मग दिव्यांच्या माळा ल्यालेले ट्रॅक्टर, मग चर्चचा चित्ररथ. त्यातली खरीखुरी मेंढी भर चौकात खाली उतरून बसली, ती उठेचना. गावचा दाताचा डॉक्टर स्वतः दात बनून आला होता. बाकीचे लोक मुलांकडे गोळ्या फेकत होते, आणि हा त्यांच्यामागून टूथब्रश!

या सगळ्यात एक उघड्या टपाची मोटार असते. तीत बसतो तो ‘ग्रँड मार्शल’. मुळात मार्शल म्हणजे मिरवणुकीची व्यवस्था पाहणारा माणूस. आता तो नुसता मानाचा पाहुणा उरला आहे. मोठ्या शहरांत हा मान नटनट्यांना आणि खेळाडूंना जातो. लहान गावांत नटनट्या आणायच्या कुठून? मग वर्षानुवर्षे गावाची कामे बिनबोभाट करणारे कोणी निवडायचे आणि त्याला त्या मोटारीत बसवायचे. आपल्याकडे शाल आणि श्रीफळ देतात. सत्कारमूर्तीला ते श्रीफळ चार भाषणे होईतोवर मांडीवर सांभाळावे लागते. त्यापेक्षा मोटार बरी. माणूस निदान सगळ्या गावाला दिसतो.

त्या वर्षीच्या मानकरी होत्या ऐंशी ओलांडलेल्या एक बाई. गेली सव्वीस वर्षे दर मंगळवारी त्या आपल्या स्वतःच्या गाडीने एकोणीस घरी जेवणाचे डबे पोचवत. एकटे राहणारे, हिंडता-फिरता न येणारे म्हातारे लोक. त्यांच्या दाराशी दुपारी एक गरम जेवण न्यायचे, ही चाल दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या स्वयंसेविकांनी पाडली. अमेरिकेत तिचा आरंभ १९५४ साली फिलाडेल्फियात झाला, आणि तिथे डबे पोचवणारे बहुतेक हायस्कुलातली मुले होती. १९७२ पासून सरकारही या कामाला पैसे देते. पण सरकारच्या पैशाने भात शिजतो, तो दारापर्यंत चालत जात नाही. त्याला गाडी लागते, पेट्रोल लागते, आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा असलेला माणूस लागतो.

मुंबईची मी. डबा पोचवणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको, असे मी लेकीला म्हटलेसुद्धा. ती म्हणाली, “आई, इथे डबा हे निमित्त आहे.” या बाईंनी कधीही डबा पायरीवर ठेवून पाठ फिरवली नाही. दार उघडेपर्यंत थांबायचे, माणसाचे तोंड बघायचे, दोन शब्द बोलायचे. दार उघडले नाही तर शेजारी जायचे, आणि तरीही उघडले नाही तर पोलिसांना फोन करायचा. सव्वीस वर्षांत दोन माणसे त्यांना घरात पडलेली सापडली. एक जण आदल्या रात्रीपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर होता. दोघेही वाचले.

ऑक्टोबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, आता गाडी चालवू नका. बाईंनी त्याच आठवड्यात परवाना परत केला. मंगळवारची एकोणीस घरे इतर स्वयंसेवकांत वाटली गेली. पण तेही सत्तरीचे, आणि त्यांची स्वतःची घरे होतीच. बाराचा डबा अडीचला पोचू लागला. मधुमेहाच्या माणसाला अडीच म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मधुमेह आहे त्याला विचारावे.

समितीची मंडळी मानाचे निमंत्रण घेऊन गेली ती या सुमारास. बाईंनी साफ नकार दिला. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या म्हणाल्या, येते, पण मोटारीच्या दारावर काय लिहायचे ते मी सांगेन. एरवी तिथे मानकऱ्याचे नाव झोकदार अक्षरांत लावतात. मंडळींना वाटले, बायबलमधले एखादे वचन सांगतील.

मोटार आमच्यासमोर आली. मागच्या बाजूला, लाल लोकरी टोपी घालून बाई ताठ बसलेल्या. दारावर पांढरा फलक, त्यावर मोठ्या अक्षरांत: ‘मंगळवारसाठी ड्रायव्हर पाहिजे’. खाली फोन नंबर. दुसऱ्या दारावरही तेच. लोक आधी हसले, टाळ्या वाजल्या, कोणी शिट्ट्या मारल्या. ग्रँड मार्शलने दोन्हीकडे हात हलवायचा असतो. बाई हात हलवत नव्हत्या. त्या बोटाने फलक दाखवत होत्या, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत होत्या. आमच्या जवळची टाळी हळूहळू विरली. एका तरुण गृहस्थाने खिशातून फोन काढून फलकाचा फोटो घेतला, आणि मग बायकोकडे पाहिले.

सोमवार संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. ‘एकदाच नाही, दर मंगळवारी’ हे कळल्यावर सहा जण गळाले. उरलेल्या पाचांतली एक माझी लेक. तिचे ऑफिस घरूनच असते, म्हणून जेवणाच्या सुटीत एक आड एक मंगळवार तिने पत्करला. स्वयंसेवकाची चौकशी, कागदपत्रे, शिकवणी यांत डिसेंबर सरला. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही निघालो. मी डबे मोजायला पुढे. मागच्या सीटवर गरम पिशव्यांना टेकून त्याच लाल टोपीतल्या बाई, वाट दाखवायला.

कोणत्या घराची घंटा बिघडली आहे, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, कोणाला दूध चालत नाही, सगळे तोंडपाठ. सहाव्या घराशी लेकीने दोनदा दार वाजवले. आत हालचाल नाही. तिने घाबरून मागे वळून पाहिले. बाईंनी काच खाली केली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “त्यांना दारापर्यंत यायला चार मिनिटे लागतात.”