झाडाची राळ, किड्याचें शस्त्र



डिंक व राळ हे दोन्ही पदार्थ आपल्या घरांतले. परंतु डिंक पाण्यांत विरतो आणि राळ विरत नाहीं, हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. पाण्याला दाद न देणारी ही चिकट राळ वनस्पतीच्या जखमा बुजविते व पानें खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवते. किड्यांविरुद्ध असलेला हा पदार्थ कांहीं किड्यांनींच उचलून त्याचें शस्त्र कसें केलें, तें आज पाहूं.

हे किडे ढेकणाच्याच गणांतले आहेत. आपण त्यांना मारेकरी ढेकूण म्हणूं. ते इतर कीटकांची शिकार करतात. पुढच्या पायांनीं भक्ष्य धरावयाचें, सुईसारखी सोंड खुपसून विषारी लाळ सोडावयाची आणि आंतला पातळ झालेला भाग शोषून घ्यावयाचा, असा त्यांचा क्रम असतो. अडचण पहिल्याच पायरीवर आहे. माशी उडून जाते, मुंगी निसटते. सोंड खुपसण्यापुरती तरी पकड टिकली पाहिजे. तेथें चिकटपणा कामास येतो. झेलस नांवाच्या वंशांतील मारेकऱ्यांच्या पायांतील ग्रंथींतूनच चिकट स्राव निघतो. इतर कांहींजण तो चिकटपणा वनस्पतींकडून उसना घेतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत किंबर्ली नांवाचा प्रदेश आहे. तेथें स्पिनिफेक्स नांवाचें टोकदार पात्यांचें गवत वाढतें. गोरारेड्युव्हियस वंशांतील ढेकूण या गवताची राळ खरवडून अंगास, विशेषतः पुढच्या पायांस फासतात. तिचा उपयोग खरोखरच होतो काय, याची परीक्षा फर्नांडो सोले व मारी हर्बर्स्टीन या संशोधकांनीं केली व २०२३ सालीं ती प्रसिद्ध झाली. राळ लावलेले आणि राळ पुसून काढलेले ढेकूण यांच्यापुढें माशा व मुंग्या सोडण्यांत आल्या. राळ असणाऱ्यांना शिकारींत शेकडा २६ नें अधिक यश आलें. राळेनें भक्ष्य जागीं खिळून राहत नाहीं. त्याची सुटका थोडी लांबते, आणि तेवढें पुरतें.

कॅलिफोर्नियाच्या रुक्ष प्रदेशांतील अपायोमेरस या वंशांतील एका जातीची मादी याहून पुढें जाते. एन्सेलिया नांवाच्या झुडुपाची राळ खरवडून ती पोटाच्या खालच्या बाजूस सांठविते आणि अंडीं घालतांना त्यांवर तिचा लेप देते. मुंग्या अशा अंड्यांपासून दूर राहतात. अंड्यांतून बाहेर पडलेलीं पिल्लें त्याच लेपांतील राळ पायांना लावून शिकारीस सिद्ध होतात. आईनें ठेवलेलें कवच हेंच त्यांचें पहिलें हत्यार! चो व रस्ट या शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं हें वर्तन वर्णिलें आहे.

याला हत्यार म्हणावें काय? बाहेरची वस्तु घेऊन, केवळ शरीराला जें नीट साधत नाहीं तें तिच्यायोगें साधणें, अशी व्याख्या धरली तर म्हणावेंच लागेल. परंतु जन्मतःच राळ फासूं लागणाऱ्या या पिल्लांना कोणी धडा दिलेला नसतो. तेव्हां जेथें हत्यार तेथें बुद्धि, हें आपलें नेहमींचें अनुमान येथें लंगडें पडतें.

मग माणसाचें वेगळेपण कशांत? स्पिनिफेक्सचीच राळ ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासीही वापरीत आले आहेत. ते गवत झोडपून ती गोळा करीत, विस्तवावर मऊ करीत आणि दगडी पातीं दांड्याला पक्कीं बसवीत. गवत तेंच, राळ तीच. ढेकणाचें पिल्लू आपली कृति जन्माबरोबर घेऊन येतें. माणसाच्या मुलाला मात्र ती कोणीतरी जवळ बसवून शिकवावी लागते. आयुष्यभर शिकविण्याचा धंदा केलेल्या मला हा भेद हत्याराहून मोठा वाटतो.