आत्याबाई, मामाजी आणि माहेरचं अंतर

मैत्रिणींनो, मुलीचं लग्न ठरवताना आपण किती चौकशा करतो! मुलाचं शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती किती, पाठच्या बहिणी किती. पण तिच्या घरून आपल्या घरी यायला किती वेळ लागेल, हा प्रश्न बहुधा शेवटी निघतो. मग कोणीतरी म्हणतं, "मुलगी सुखात पडली म्हणजे झालं," आणि तो तिथंच राहतो. माझ्या मते हा प्रश्न यादीत बराच वर हवा. का, ते इरावती कर्वे यांच्या अभ्यासातून फार छान कळतं.

'युगान्त'मुळे इरावतीबाई आपल्याला माहीत असतात. पण त्यांचं मुख्य काम माणसाच्या नात्यागोत्यांचं होतं. जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरूनच नाव ठेवलेलं. शिक्षण पुण्या-मुंबईत झालं, मग बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. 1970 मध्ये त्या गेल्या.

या ग्रंथासाठी त्यांनी जे साहित्य वापरलं ते तुमच्या-माझ्या घरातलंच. कोण कोणाला काय हाक मारतं, कोणाशी लग्न चालतं, कोणाशी चालत नाही, जुन्या कथा-गाण्यांत सून कशी दिसते. यावरून त्यांनी देशाचे चार भाग पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी सहसा परगावी, अनोळखी घरी दिली जाते. माहेरच्या गावात ती उघड्या तोंडानं हिंडते, सासरच्या गावात घुंगट घेते. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची चाल आहे. तिथे सासू-सासरे लहानपणापासून ओळखीचे, माहेर आणि सासर यांत मोठी भिंत नाही.

आणि महाराष्ट्र? तो मध्ये पडला. आपल्याकडे अनेक जातींत मुलानं मामाची मुलगी करणं चालतं, आत्याची मुलगी मात्र सहसा करत नाहीत. आता गंमत पाहा. मामाच्या मुलीच्या बाजूनं विचार केला तर तिची सासू कोण झाली? तिची आत्याच! आपल्या वर्धा-नागपूरकडे अजून कितीतरी घरांत सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामाजी' म्हणतात. ना नातं, ना ओळख, तरी हाक तीच. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा नववीच्या मुलींना घरातल्या नात्यांच्या हाका लिहून आणायला सांगितल्या, तर कितीतरी वह्यांत 'आत्याबाई' निघाल्या. "पण बाई, त्या आईच्या आत्या नाहीतच!" एक मुलगी म्हणाली. बरोबर आहे. पण सासूसुद्धा कधीकाळी आपल्याच माहेरची लेक असायची, ही आठवण त्या हाकेत राहून गेली आहे.

पुढे 1983 साली टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी उत्तर-दक्षिणेतल्या या फरकाशी लोकसंख्येचे आकडे ताडून पाहिले. जिथे लग्नानंतरही मुलीचा माहेरच्या माणसांशी संबंध राहतो, त्या दक्षिणेकडे मुलींचं लग्नाचं वय जास्त आणि बालमृत्यू कमी दिसले. इतरही कारणं असणारच. पण मुलीला हाकेच्या अंतरावर आपलं माणूस असणं ही नुसती मायेची बाब नाही, एवढं त्यातून दिसतं.

याचं मूळ किती जुनं असेल? माणसाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी तेही शोधलं आहे. आपल्या कौलांवरून उड्या मारणारी काळ्या तोंडाची वानरं तुम्ही रोज पाहता. सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनं 1971 पासून राजस्थानात अबूच्या पहाडावर याच वानरांचा अभ्यास केला. या जातीत नर टोळी सोडून जातात आणि माद्या जन्माच्या टोळीतच राहतात. म्हणजे मुली कायमच्या माहेरी! नुकतं जन्मलेलं पिल्लू आई दुसऱ्या माद्यांच्या हाती देते. चिंपांझीची आई मात्र पिल्लाला कितीतरी महिने कोणाला हात लावू देत नाही. 2009 च्या आपल्या पुस्तकात हर्डीबाई सांगतात की माणसाचं मूल फार सावकाश वाढतं, एकट्या आईच्यानं ते कधीच निभलं नसतं. आजी, मावशी, थोरली बहीण अशा अनेक हातांवरच माणसाची जात वाढली.

टांझानियात हाड्झा नावाचे लोक कंदमुळं आणि शिकार यांवर जगत. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे म्हाताऱ्या बायका कष्टानं कंद खणताना दिसल्या. आईच्या अंगावर नवं बाळ असताना मोठ्या नातवंडांचं पोट आजीच्या त्या कंदांवर भरे. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांना इथं सापडलं. पुढे 2008 मध्ये रिबेका सीअर आणि रूथ मेस यांनी अनेक समाजांतल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी आईची आई जवळ असली की मुलं जास्त जगली. वडिलांच्या आईचा आधारही अनेक ठिकाणी दिसला, पण तो सगळीकडे सारखा नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आठवली ना? डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला न्हाऊ घालणं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे "जरा झोप तू, मी घेते त्याला" असं म्हणणारं कोणीतरी. त्या सहा शब्दांची किंमत, ज्यांना ते ऐकायला मिळाले नाहीत त्यांना विचारा.

पण जपून! यावरून आई चांगली आणि सासू वाईट असं कोणी म्हणू नका. आकडे समाजाचे असतात, आपल्या घरच्या सासूबाईंचे नसतात. आणि निसर्गानंच ठरवलंय म्हणून साठीच्या आजीवर नातवंडं टाकून मोकळं व्हावं, असंही नाही. निसर्गाचं नाव घेऊन माणसं काहीबाही सिद्ध करू बघतात. बर्लिनमध्ये इरावतीबाईंच्या गुरूंना कवटीच्या ठेवणीत वंशाचा फरक दिसेल अशी अपेक्षा होती. त्या तरुण मुलीनं कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं स्पष्ट लिहिलं. नमुना घ्यायचा तो हा.

तर मुलीचं किंवा मुलाचं लग्न ठरवताना एवढं करा:

एक, अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. रात्री-बेरात्री गाडी आहे का, कोणाला न विचारता तिला निघता येईल का, ते पाहा. आर्वीची मुलगी हिंगणघाटला दिली आणि वर्षभर तिला पाठवलंच नाही, तर ती दूरच गेली.

दोन, जवळपणासाठी नात्यातच लग्न हवं असं नाही. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात मुलांमध्ये जन्मजात दोषाचा धोका साधारण दुप्पट होतो. विदर्भात सिकलसेलही आहे. आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या.

तीन, बाळंतपणाला कोण येणार, हे सातव्या महिन्याआधीच ठरवा. माहेरी जायचं असेल तर तपासणीचे सगळे कागद बरोबर न्या आणि तिथल्या दवाखान्यात आधी नाव घाला.

चार, आपण सासू असलो तर सुनेच्या आईला आपणच फोन करून बोलवावं. चार दिवस दोघींनी मिळून बाळ पाहावं. सून आपल्याला 'आत्याबाई' म्हणते. ती हाक खरी करणं आपल्याच हातात आहे.