बोरघाटात पावसाळी धुक्यातून गाडी चालवताना

पळसदरीहून खोपोलीमार्गे खंडाळ्याला निघालात, तर पावसाळ्यातलं दाट धुकं हमखास गाठतं. म्हणून एवढं सांभाळा:

🔸 उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्यातच उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही.

🔸 हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो.

🔸 चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही थांबलाय की वळताय, मागच्याला कळत नाही.

🔸 काचेवर आतून वाफ धरली तर एसीचा झोत काचेवर सोडा.

🔸 अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

धुकं फारच उतरलं असेल, तर खोपोलीतच चहा घ्या. खंडाळा कुठं पळून जात नाही!