दिवेलागणीला पट मांडावा!

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र राज्याला उजेड देते. २,९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रालगतच्या ऊर्जानगर वसाहतीत मात्र दिवेलागण झाली की मुलांना घरात बोलावून घ्यावे लागते. ताडोबाचे जंगल जवळ असल्याने वाघ-बिबट्यांचा वावर येथे नवा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा, तर लगोलग दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एका किशोरवयीन मुलाचा बळी गेला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारही घरातच काढावी लागते. हे तास मुलांनी कसे घालवावेत, हा पालकांपुढचा खरा प्रश्न आहे. त्याचे सोपे उत्तर मोबाईल हे असले, तरी त्याहून चांगले उत्तर अनेक घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले असते. ते म्हणजे पटावरचे बैठे खेळ.

हे खेळ आपल्याकडे परके नाहीत. बुद्धिबळाचे मूळ भारतातले. पचिसीच्या धर्तीवरील लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेला मोक्षपट हा साप-शिडीचा पूर्वज होय. खडूने रेघा ओढून आणि खडे मांडून खेळला जाणारा वाघ-बकरीचा डाव तर या जंगलपट्ट्याला विशेष शोभणारा आहे. त्यात वाघ मोजके आणि बकऱ्या पुष्कळ असतात. एकटी बकरी मारली जाते. परंतु बकऱ्यांनी एकमेकींच्या आधाराने वाटा अडविल्या, तर वाघाची कोंडी होते.

या खेळांचा लाभ केवळ करमणुकीपुरता नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पटावर खेळविण्यात आले. दोन आठवड्यांत १५ ते २० मिनिटांच्या अवघ्या चार बैठका झाल्या. तेवढ्यानेही मुलांची आकड्यांची ओळख आणि लहान-मोठी संख्या ओळखण्याची क्षमता सुधारली. नऊ आठवड्यांनंतरही हा परिणाम टिकून होता. आकड्यांऐवजी रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तो दिसला नाही. साप-शिडी खेळताना सोंगटी सरकविताना घरातला आकडा मोठ्याने म्हणावा, तो यासाठीच.

ज्येष्ठांबाबतही असेच निरीक्षण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीत वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, खेळामुळेच आजार टळला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मात्र सर्वांत मोठा लाभ मोजमापात न येणारा आहे. मोबाईलवर हरणारे मूल एक बटण दाबून नवा डाव सुरू करते. पटावर मात्र समोर आजोबा बसलेले असतात. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, हार सोसावी लागते आणि हरल्यावरही सोंगट्या एकत्र आवराव्या लागतात. फाशांपुढे सहा वर्षांचा नातू आणि साठीतले आजोबा सारखेच असतात, ही गंमत इतरत्र क्वचितच मिळते.

विदर्भाला तर अभिमानाचे ताजे उदाहरण आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीवर मात करून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. प्रत्येक घरातून ग्रँडमास्टर घडणार नाही. पण खेळी करण्याआधी क्षणभर विचार करण्याची सवय प्रत्येक मुलाला लागू शकते.

त्यासाठी फार खर्च नको. पाळीची नोकरी असलेल्या पालकांनाही अर्धा तास काढता येतो. लहानग्यांसाठी साप-शिडी, पुढे लुडो आणि कॅरम, मग बुद्धिबळ, असा क्रम ठेवावा. मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नये आणि तेवढा वेळ मोठ्यांनीही मोबाईल दूर ठेवावा.

अर्थात, पट ही मैदानाची जागा नव्हे. धावण्या-पळण्याला पर्याय नाही आणि मुलांना निर्भयपणे खेळता येईल असा परिसर मिळण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही. तोवर दाराबाहेर अंधार पडत असताना घरात एखादा डाव रंगावा. विजेच्या या नगरीत त्याला विजेचीही गरज नाही. समोर बसणारे माणूस तेवढे हवे.